आंतरराष्ट्रीय विकास, मानवाधिकार कायदा आणि निवडणूक निरीक्षण : पुण्यातून या क्षेत्रात जाऊ इच्छिणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या विधी महाविद्यालयांत आणि राज्यशास्त्र-अर्थशास्त्राच्या वर्गांत शिकणारे विद्यार्थी, त्यांचे पालक आणि अधूनमधून नोकरी सोडून या क्षेत्रात येऊ पाहणारे तिशीतले अभियंते गेली काही वर्षे मला जे प्रश्न विचारत आले आहेत, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. मी व्यवसायाने वकील आहे. शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात काही वर्षे काम केल्यावर मी निवडणूक निरीक्षणाच्या आणि मानवाधिकारविषयक कंत्राटी कामांवर परदेशी जात राहिले आणि आता पुन्हा पुण्यातच स्थायिक झाले आहे. जिथे मी मत मांडले आहे, तिथे ते माझे मत म्हणूनच वाचावे.

ही तीन क्षेत्रे वेगवेगळी आहेत की एकच?

कामे वेगळी आहेत. ती करणारी माणसे मात्र पुष्कळदा तीच असतात. मुळशी किंवा मावळातल्या एखाद्या कातकरी वस्तीतील बाईचे नाव मतदार यादीत नाही असे समजा. तिच्याकडे जन्माचा दाखला का नाही, रेशनकार्ड कोणाच्या नावावर आहे आणि वस्ती दरवर्षी वीटभट्टीवर का स्थलांतर करते, हे विकासक्षेत्रातला कार्यकर्ता विचारतो. तिचा कोणता हक्क डावलला गेला आणि दाद कुठे मागायची, हे वकील पाहतो. अशी किती माणसे मतदानाच्या दिवशी केंद्रावरून परत गेली आणि कोणते कारण सांगून त्यांना परत पाठवले, याची नोंद निरीक्षक करतो. प्रश्न एकच असतो, त्याकडे पाहण्याच्या जागा तीन असतात.

कायद्याच्या भाषेत त्यांना जोडणारा धागा १९४८ च्या मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याच्या कलम २१ मध्ये आणि नागरी व राजकीय हक्कांवरील आंतरराष्ट्रीय कराराच्या कलम २५ मध्ये आहे. ठरावीक कालावधीने होणाऱ्या, खऱ्याखुऱ्या निवडणुकांत मत देण्याचा आणि निवडून येण्याचा हक्क तिथे मान्य केला आहे. ‘ठरावीक कालावधीने’ या शब्दांचे वजन पुणेकरांना वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. पुणे महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ शहराचा कारभार प्रशासकाच्या हाती राहिला.

निवडणूक निरीक्षक प्रत्यक्षात काय करतो?

मतदानाच्या दिवशी गळ्यात ओळखपत्र घालून केंद्राकेंद्रांवर फिरणारा माणूस हे चित्र खोटे नाही, पण तो कामाचा अखेरचा तुकडा आहे. आंतरराष्ट्रीय मोहिमेत साधारणपणे तीन थर असतात. राजधानीत मुख्य गट असतो आणि त्यात निवडणूक कायद्याचे, माध्यमांचे, मतदार नोंदणीचे आणि संख्याशास्त्राचे जाणकार असतात. दीर्घकालीन निरीक्षक मतदानाच्या कित्येक आठवडे आधीपासून जिल्ह्यांत मुक्काम करतात. उमेदवारी अर्जांची छाननी, सभांना मिळणाऱ्या किंवा नाकारल्या जाणाऱ्या परवानग्या, स्थानिक अधिकाऱ्यांची वागणूक आणि तक्रारींचा निपटारा हे सारे ते पाहतात. मतदानाच्या आगेमागे आठवडा-दहा दिवसांसाठी येतात ते अल्पकालीन निरीक्षक. नवख्या माणसाचा प्रवेश बहुधा याच तिसऱ्या थरातून होतो.

अल्पकालीन निरीक्षक जोडीने काम करतात, आणि जोडीतले दोघे बहुधा वेगवेगळ्या देशांचे असतात. सोबत दुभाषा आणि चालक असतो. पहाटे एका केंद्रावर पोचून मतपेटी रिकामी दाखवली का, सीलचे क्रमांक सर्वांसमक्ष लिहिले का, केंद्र वेळेवर उघडले का, हे पाहायचे. नंतर दिवसभरात दहाच्या आसपास केंद्रांना भेटी द्यायच्या, प्रत्येक ठिकाणी अर्धा तास तरी थांबायचे आणि ठरलेला तक्ता भरायचा. यादीत नावे किती, आतापर्यंत मते किती पडली, बोटाला शाई लावतात का आणि आधी लागलेली शाई तपासतात का, एकाहून अधिक पक्षांचे प्रतिनिधी बसले आहेत का, चाकाच्या खुर्चीवरचा मतदार आत येऊ शकतो का, कोणाला परत पाठवले का, या प्रश्नांची उत्तरे त्यात असतात. संध्याकाळी एका केंद्रावर थांबून मोजणी पाहायची आणि निकालपत्रकासोबत बेरजेच्या केंद्रापर्यंत जायचे. पुष्कळदा तिथेच दुसरा दिवस उजाडतो. सगळ्या जोड्यांचे तक्ते एकत्र करून मोहीम एक-दोन दिवसांत प्राथमिक निवेदन काढते, आणि शिफारशींसह सविस्तर अहवाल काही महिन्यांनी येतो.

माझ्या पहिल्या नेमणुकीत मी पहिल्याच केंद्राच्या तक्त्यावर ‘मतदान शांततेत सुरू आहे’ असे लिहिले होते. वयाने आणि अनुभवाने मोठ्या असलेल्या जोडीदाराने ते वाक्य मला खोडायला लावले आणि विचारले, ‘ही शांतता तुम्ही किती मिनिटे पाहिली?’ मग मी लिहिले, ‘९.१० ते ९.४० या वेळेत केंद्रात वादावादी दिसली नाही. रांगेत ४१ मतदार, त्यांपैकी १२ स्त्रिया.’ पुढच्या सगळ्या वर्षांत मी जे शिकले, त्याचा बराच मोठा भाग त्या एका दुरुस्तीत होता.

गैरप्रकार दिसला, तर निरीक्षक तो थांबवू शकतो का?

नाही. २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या न्यूयॉर्क येथील मुख्यालयात आंतरराष्ट्रीय निवडणूक निरीक्षणाची तत्त्वे आणि निरीक्षकांची आचारसंहिता जाहीर झाली आणि प्रमुख निरीक्षक संस्थांनी ती स्वीकारली. त्या देशाच्या कायद्याचा मान राखावा, निःपक्षपाती राहावे आणि प्रक्रियेत अडथळा आणू नये, ही तिची मुख्य बंधने आहेत. निरीक्षक प्रश्न विचारू शकतो, अधिकाऱ्याचे लक्ष वेधू शकतो आणि नोंद करू शकतो. मतदान थांबवण्याचा किंवा निवडणुकीला प्रमाणपत्र देण्याचा अधिकार त्याला नसतो.

वकिलीतून आलेल्या माणसाला हे फार जड जाते. डोळ्यांदेखत एका म्हाताऱ्या माणसाचे मत दुसराच कोणी देत असताना आपण केवळ वेळ आणि केंद्राचा क्रमांक लिहीत उभे असतो, आणि त्या रात्री नीट झोप लागत नाही. तरीही हे बंधन योग्य आहे असे माझे मत आहे, कारण बाहेरून आलेल्या माणसाने एकदा हस्तक्षेप केला की त्याच्या नोंदीवर कोणत्याच बाजूचा विश्वास उरत नाही.

निरीक्षक चुकतात का? त्यांच्या अहवालांनी खरोखर काही बदलते का?

चुकतात, आणि त्याचे सर्वांत बोलके उदाहरण केनियाचे आहे. ८ ऑगस्ट २०१७ रोजी तिथे राष्ट्राध्यक्षपदासाठी मतदान झाले. मतदानाचा दिवस एकंदरीत व्यवस्थित पार पडल्याचे आंतरराष्ट्रीय निरीक्षकांनी सुरुवातीच्या निवेदनांत म्हटले. पण १ सप्टेंबरला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती निवडणूकच रद्द ठरवली. बोट ठेवले होते निकाल केंद्रांवरून वर पाठवण्याच्या आणि त्यांची बेरीज करण्याच्या प्रक्रियेवर. निरीक्षकांनी रांगा, पेट्या आणि शाई पाहिली होती, आणि गफलत होती पुढच्या टप्प्यात. मलावीतही असेच घडले. मे २०१९ च्या निवडणुकीतील निकालपत्रकांवर पांढऱ्या खोडद्रवाने आकडे बदलल्याचे पुढे आले आणि ३ फेब्रुवारी २०२० रोजी न्यायालयाने ती निवडणूक रद्द केली. जून २०२० च्या फेरनिवडणुकीत विरोधी उमेदवार विजयी झाला.

दोन्ही ठिकाणी निवडणूक रद्द झाली ती त्या देशातल्याच वकिलांमुळे, कार्यकर्त्यांमुळे आणि न्यायाधीशांमुळे. म्हणून नव्या निरीक्षकांना मी सांगते की बेरीज कशी होते ते आधी शिका. भारतात मतदान संपल्यावर मतदान केंद्राध्यक्ष नमुना १७-सी मध्ये नोंदलेल्या मतांचा हिशेब लिहितो आणि उपस्थित मतदान प्रतिनिधींना त्याची प्रत देतो. हा साधा कागद का महत्त्वाचा आहे, हे ज्याला कळले त्याला कोणत्याही देशातील निकालप्रक्रिया समजायला वेळ लागत नाही.

याच्या उलट बाजूचे उदाहरण फिलिपिन्सचे. फेब्रुवारी १९८६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत ‘नामफ्रेल’ या नागरी संघटनेच्या स्वयंसेवकांनी केंद्रांवरचे निकाल स्वतंत्रपणे गोळा करून समांतर मोजणी केली, आणि सरकारी मोजणीतल्या संगणक तंत्रज्ञांनी आपल्यासमोर येणारे आकडे जुळत नाहीत म्हणून काम सोडून सभागृहातून बाहेर पाऊल टाकले. त्याच महिन्यात राष्ट्राध्यक्ष फर्डिनांड मार्कोस यांची राजवट कोसळली.

भारतातच मला निवडणूक निरीक्षक होता येईल का?

ज्या अर्थाने हा प्रश्न विचारला जातो, त्या अर्थाने नाही. लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१ च्या कलम २०-ब प्रमाणे निवडणूक आयोग जे निरीक्षक नेमतो, ते सरकारी अधिकारी असतात. नेपाळ, श्रीलंका किंवा फिलिपिन्समध्ये नागरी संघटनांच्या हजारो स्वयंसेवकांना अधिकृत ओळखपत्र देऊन केंद्रात प्रवेश दिला जातो. आपल्या कायद्यात तशी व्यवस्था नाही. ही उणीव आहे असे मला वाटते, आणि ज्या देशाने निवडणुका घेण्यात एवढा लौकिक मिळवला त्याला ती भरून काढणे अवघड नाही.

तरीही केंद्राबाहेर करण्यासारखे पुष्कळ आहे. प्रारूप मतदार यादी प्रसिद्ध झाली की आपल्या प्रभागातल्या दोन-तीन यादीभागांची घरोघर पडताळणी करता येते आणि हरकती दाखल करता येतात. उमेदवारांची प्रतिज्ञापत्रे सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या निकालानंतर सर्वांसाठी खुली आहेत. ती वाचून मागच्या निवडणुकीच्या प्रतिज्ञापत्राशी ताडून पाहता येतात. राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांना दिव्यांग आणि ज्येष्ठ मतदारांच्या मदतीसाठी केंद्रांवर नेमले जाते. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच समजून घ्यावी : लोकसभा आणि विधानसभा भारत निवडणूक आयोगाकडे, तर महापालिका, जिल्हा परिषदा आणि ग्रामपंचायती राज्य निवडणूक आयोगाकडे असतात. दोन्हींचे नियम आणि कागद वेगळे आहेत.

भारतीय नागरिकाला परदेशात निरीक्षक म्हणून कोण पाठवते?

इथे पुष्कळांचा अपेक्षाभंग होतो. सर्वांत मोठ्या आणि नियमित मोहिमा दोन : युरोपीय संघाच्या आणि वॉर्सा येथे मुख्यालय असलेल्या ‘ओडिहर’च्या. ‘ओडिहर’ ही युरोपातील सुरक्षा आणि सहकार्य संघटनेची शाखा आहे. पहिल्या मोहिमांत मुख्यतः युरोपीय संघाच्या सदस्य देशांचे नागरिक घेतात आणि दुसऱ्या मोहिमांतील बहुतेक निरीक्षक त्या संघटनेतले ५७ देश पाठवतात. भारत त्यांत नसल्याने ही दारे आपल्यासाठी जवळजवळ बंद आहेत.

उघडी दारे थोडी आहेत. १९९७ मध्ये स्थापन झालेले आणि बँकॉकहून चालणारे ‘आनफ्रेल’ हे आशियाई जाळे आशियातल्याच नागरिकांना शेजारच्या देशांत निरीक्षणासाठी पाठवते. दक्षिण आशियातील तरुणांना मी पहिला अर्ज तिथेच करायला सांगते. अटलांटाचे कार्टर सेंटर १९८९ च्या पनामाच्या निवडणुकीपासून हे काम करत आहे आणि वेगवेगळ्या देशांच्या नागरिकांना घेते. राष्ट्रकुलाचे निरीक्षक गट मात्र महासचिवांच्या निमंत्रणावरून बनतात आणि त्यांत माजी निवडणूक आयुक्त, न्यायाधीश, संसद सदस्य अशी अनुभवी माणसे असतात. पंचविसाव्या वर्षी त्यासाठी अर्ज करण्यात अर्थ नाही. संयुक्त राष्ट्रसंघ स्वतः निवडणुकीचे निरीक्षण क्वचितच करतो, कारण त्यासाठी महासभेचा किंवा सुरक्षा परिषदेचा आदेश लागतो. त्याचे मुख्य काम तांत्रिक साहाय्याचे : मतदार नोंदणी, प्रशिक्षण, साहित्याची ने-आण. नोकऱ्या शोधायच्या असतील तर या साहाय्याच्या बाजूला अधिक मिळतात.

भारताचे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी १९५३ मध्ये सुदानच्या पहिल्या संसदीय निवडणुकीसाठीच्या आंतरराष्ट्रीय आयोगाचे अध्यक्षपद सांभाळले होते. आपल्याकडचा निवडणूक-अनुभव जगात मागितला जातो, तो तेव्हापासून.

कायद्याची पदवी असलीच पाहिजे का?

मानवाधिकार वकिलीसाठी अर्थातच हवी, आणि ती घेतली असेल तर महाराष्ट्र व गोवा वकील परिषदेची सनदही घ्यावी. सनद नसलेला कायद्याचा पदवीधर न्यायालयात उभा राहू शकत नाही, आणि ज्याने कधी वकीलपत्र दाखल केलेले नाही त्याच्या मानवाधिकार ज्ञानाला एक कोरडेपणा राहतो. निवडणूक आणि विकासक्षेत्रात मात्र संख्याशास्त्र, लेखापरीक्षण, नकाशाशास्त्र, सार्वजनिक आरोग्य, पत्रकारिता या पार्श्वभूमीच्या लोकांना तितकीच मागणी असते. प्रतिज्ञापत्रांतले हजारो आकडे नीट लावून देणारी व्यक्ती कोणत्याही मोहिमेला हवीच असते.

पुण्यात शिकायचे तर कुठे?

कायद्यासाठी १९२४ पासूनचे आयएलएस विधी महाविद्यालय आहे, सिम्बायोसिस आहे, आणि इतरही महाविद्यालये आहेत. सिम्बायोसिसची प्रवेश परीक्षा वेगळी असते; इतर बहुतेक ठिकाणी राज्य सामाईक प्रवेश परीक्षेतून तीन किंवा पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळतो. विकासाच्या अर्थशास्त्रासाठी १९३० मध्ये स्थापन झालेली गोखले अर्थशास्त्र संस्था आणि तिचे ग्रंथालय आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या राज्यशास्त्र व लोकप्रशासन विभागाने महाराष्ट्राच्या निवडणुकांवर केलेला अभ्यास वाचल्याशिवाय कोणीही स्वतःला या विषयाचा विद्यार्थी म्हणवू नये असे मला वाटते.

या शहराला या कामाची परंपराही आहे. नामदार गोखल्यांनी १९०५ मध्ये इथे भारत सेवक समाज स्थापन केला, तो अल्प मानधनावर आयुष्यभर सार्वजनिक काम करणारी, अभ्यासू माणसे घडवण्यासाठी. त्याच समाजाचे सदस्य नारायण मल्हार जोशी १९१९ मध्ये वॉशिंग्टनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या पहिल्या परिषदेला भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले. मुंबईच्या गिरणी वस्त्यांत काढलेली वर्षे त्यांच्या पाठीशी होती. परिषदेत बोलण्याचा त्यांचा अधिकार तिथून आला होता, आणि आजही उमेदवाराच्या अर्जात मी प्रथम तेच शोधते.

परदेशी पदव्युत्तर शिक्षणासाठी मोठे कर्ज काढावे का?

माझे स्पष्ट मत : काढू नये. या क्षेत्रातल्या सुरुवातीच्या मानधनातून तीस-चाळीस लाखांचे कर्ज फिटत नाही. अशा कर्जापोटी दोन वर्षांत हे क्षेत्र सोडून कंपन्यांच्या विधी विभागांत गेलेले अनेक हुशार तरुण मी पाहिले आहेत. आधी दोन-तीन वर्षे काम करावे आणि मग शिष्यवृत्ती मिळवावी. ब्रिटनच्या चीव्हनिंगसाठी दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि परतल्यावर दोन वर्षे मायदेशी राहावे लागते. युरोपीय संघाची इरास्मस मुंडस आणि राष्ट्रकुल शिष्यवृत्ती आहेत. अनुसूचित जातींच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. कमी खर्चात आंतरराष्ट्रीय कायदा शिकायचा असेल तर सार्क देशांनी मिळून दिल्लीत उभारलेले दक्षिण आशियाई विद्यापीठ आहे. शेजारी देशांतले सहाध्यायी तिथे मिळतात, आणि पुढे याच ओळखी कामाला येतात.

मानवाधिकार वकिलाचे रोजचे काम कसे असते?

जिनिव्हातल्या सभागृहापेक्षा येरवडा कारागृहाच्या भेटीच्या खोलीशी ते अधिक मिळतेजुळते असते. कच्च्या कैद्याचे वकीलपत्र घेणे, जामीन मंजूर होऊनही जामीनदार नाही म्हणून आत राहिलेल्याचा अर्ज पुढे नेणे, पोलिस ठाण्यातल्या मारहाणीचे वैद्यकीय कागद मिळवणे, हे त्याचे खरे स्वरूप आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे, पहिल्यांदाच आरोपी झालेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ तुरुंगात काढला असेल तर, कायद्यातले अपवाद वगळता, त्याला सोडण्याची तरतूद आहे. या एका कलमासाठी पात्र असलेले कैदी शोधून त्यांचे अर्ज तयार करणे हे विद्यार्थ्यालाही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत करता येण्याजोगे, आणि एका घराचे आयुष्य बदलणारे काम आहे.

आंतरराष्ट्रीय कायदा इथे कसा येतो, असा पुढचा प्रश्न असतो. भारताने नागरी व राजकीय हक्कांचा करार १९७९ मध्ये स्वीकारला, पण वैयक्तिक तक्रारीची मुभा देणारा त्याचा पूरक करार स्वीकारलेला नाही; त्यामुळे भारतीय नागरिक थेट त्या कराराखालील मानवी हक्क समितीकडे दाद मागू शकत नाही. छळविरोधी करारावर १९९७ मध्ये सही झाली, अनुसमर्थन अजून बाकी आहे. तरीही न्यायालये या करारांचा आधार घेतात. १९९७ च्या विशाखा निकालात स्त्रियांविरुद्धच्या भेदभावाच्या निर्मूलनाचा करार वाचूनच सर्वोच्च न्यायालयाने कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. मानवाधिकार आयोगाकडे जाताना एक लक्षात ठेवावे : १९९३ च्या अधिनियमाप्रमाणे घटनेला एक वर्ष उलटल्यावर आयोग चौकशी करू शकत नाही. कितीतरी खऱ्या तक्रारी केवळ या मुदतीमुळे बाद होतात.

संयुक्त राष्ट्रांत नोकरी कशी मिळते?

पी-२, म्हणजे व्यावसायिक श्रेणीतल्या सुरुवातीच्या दर्जाच्या, पदासाठी साधारणपणे पदव्युत्तर पदवी आणि दोन वर्षांचा अनुभव लागतो, पी-३ साठी पाच वर्षांचा. तरुण व्यावसायिकांसाठी वयाच्या बत्तिसाव्या वर्षापर्यंत देता येणारी एक परीक्षा होते, पण त्या वर्षी आपला देश पात्र यादीत आहे का ते आधी पाहावे लागते. सचिवालयातील प्रशिक्षणार्थींना वेतन मिळत नाही, आणि न्यूयॉर्क किंवा जिनिव्हात स्वखर्चाने राहणे मध्यमवर्गीय पुणेरी घराला परवडणारे नाही. ही पद्धत अन्यायाची आहे असे मी नेहमी म्हणत आले आहे. त्यापेक्षा बॉनहून चालणाऱ्या संयुक्त राष्ट्र स्वयंसेवक योजनेत नाव नोंदवावे. तिथे निर्वाहभत्ता मिळतो आणि क्षेत्रीय अनुभवही.

विकासक्षेत्राची सुरुवात पुण्यातून कशी करावी?

मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये उरुळी कांचनला सुरू केलेली बाएफ, पाणलोट विकासाचे काम करणारी वॉटर, वीज आणि आरोग्यावर अभ्यास करणारी प्रयास, आरोग्यहक्कांसाठी काम करणारी साथी, आणि १९९३ पासूनची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत या संस्था पुण्यातच आहेत, आणि त्यांच्या कामाचा अभ्यास करायला जगभरातून लोक येतात. यांपैकी कुठेही दोन वर्षे नीट काम केलेला माणूस लॉगफ्रेम (प्रकल्पाची उद्दिष्टे, कामे आणि अपेक्षित परिणाम मांडणारा तक्ता) आणि मूल्यमापन हे शब्द पुस्तकातून पाठ केलेल्या उमेदवारापेक्षा पुढे असतो. परकीय योगदान विनियमन कायदा, अर्थात एफसीआरए, समजून घ्यावा. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही आणि प्रशासकीय खर्चावर २० टक्क्यांची मर्यादा आहे, त्यामुळे लहान संस्थांची स्थिती कठीण झाली आहे.

२०२५ नंतर या क्षेत्रात नोकऱ्या उरल्या आहेत का?

कमी उरल्या आहेत, आणि हे लपवून कोणालाही या वाटेवर बोलावणे योग्य नाही. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत थांबवली आणि १९६१ पासून चालत आलेली ‘यूएसएड’ ही यंत्रणा १ जुलै २०२५ रोजी बंद झाली. ब्रिटनने आपली मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्क्यांवरून २०२७ पर्यंत ०.३ टक्क्यांवर आणण्याचे जाहीर केले. संयुक्त राष्ट्रांतही पदकपात सुरू झाली. निवडणूक साहाय्याच्या संस्थांना याचा मोठा फटका बसला, कारण त्यांतल्या कित्येक अमेरिकी निधीवरच चालत होत्या. वीस-वीस वर्षे काम केलेले माझे सहकारी आज काम शोधत आहेत.

भारतात कंपनी कायद्याखालील सामाजिक उत्तरदायित्वाचा निधी आहे, पण तो शाळा, पाणी, दवाखाना यांकडे सहज वळतो. कैद्यांच्या जामिनाकडे किंवा मतदार याद्यांकडे वळत नाही. म्हणून हातात दुसरे कसब असू द्यावे. वकिलाने सनद आणि प्रॅक्टिस चालू ठेवावी, सांख्यिकीच्या माणसाने आपले मूळ काम सोडू नये.

पगार आणि घरच्यांचे काय?

कामे कंत्राटी असतात : सहा आठवडे, तीन महिने, क्वचित वर्ष. अल्पकालीन निरीक्षकाला बहुधा प्रवास, विमा आणि दैनिक भत्ताच मिळतो. दोन नेमणुकांमध्ये कित्येक महिने रिकामे जातात, निवृत्तिवेतन नसते, आणि गृहकर्ज देताना बँक अशा उत्पन्नाकडे साशंकतेने पाहते. माझ्या दोन दिवाळ्या परदेशात गेल्या, आणि जवळच्या नात्यातल्या एका आजारपणात मी घरी नव्हते. पालक हे विचारतात तेव्हा त्यांना जुन्या विचारांचे समजू नये. त्यांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याला आकड्यांत उत्तर द्यायला हवे.

भाषा कोणती शिकावी?

फ्रेंच. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या मोहिमांसाठी ती लागतेच, आणि पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा अलियाँस फ्रान्सेजमध्ये नोकरी सांभाळून शिकता येते. नेपाळी आणि बंगाली या भाषांचा मात्र कोणी विचारच करत नाही, आणि आपल्याला सर्वाधिक संधी तर शेजारीच आहेत.

हे काम धोक्याचे आहे का?

काही ठिकाणी, होय. १९९३ मध्ये कंबोडियाच्या निवडणुकीची तयारी करताना अत्सुहितो नाकाता हा २५ वर्षांचा जपानी स्वयंसेवक मारला गेला. १९ ऑगस्ट २००३ रोजी बगदादमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयावरील बाँबहल्ल्यात इराकमधील संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिनिधी सर्जिओ व्हिएरा दे मेलो यांच्यासह २२ जणांचा मृत्यू झाला. सुरक्षेचे प्रशिक्षण न देता, विमा न उतरवता पाठवणाऱ्या संस्थेला नकार द्यावा. एका संस्थेने मला असे पाठवले होते. तिथून परत आले हे माझे नशीब होते, त्यात माझे शहाणपण नव्हते.

निवड झाली असे कळवून प्रक्रियाशुल्क मागितले आहे. भरावे का?

भरू नये. संयुक्त राष्ट्रे भरतीच्या कोणत्याही टप्प्यावर पैसे घेत नाहीत.

पूर्वी एखाद्या पक्षाचे काम केले असेल तर?

ते लपवू नये. जुने, विद्यार्थिदशेतले काम बहुधा आड येत नाही. मात्र समाजमाध्यमांवर आज चाललेला प्रचार नक्कीच आड येतो, आणि निवड करणारे लोक ते पाहतात.

अर्जासोबत लिखाणाचा नमुना मागतात. काय पाठवावे?

मानवाधिकारांवरचा शंभर पानी शोधनिबंध पाठवू नये. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबरला पुण्याजवळच्या एखाद्या गावच्या ग्रामसभेला जावे. शहरात राहायचे असेल तर मतदार यादीवरील किंवा प्रभागरचनेवरील हरकतींच्या सुनावणीला जाऊन बसावे. परत आल्यावर दोन पाने लिहावीत. सभा कितीला सुरू होणार होती आणि कितीला झाली, गणपूर्तीसाठी किती माणसे लागत होती आणि मोजून किती होती, त्यांत स्त्रिया किती, कोण बोलले, कोणाला बोलताना थांबवले आणि इतिवृत्तात काय उतरले, हे त्यात असावे. जे ऐकीव आहे ते ऐकीव म्हणून वेगळ्या परिच्छेदात द्यावे. तुम्ही किती वाजता पोचलात आणि किती वाजता निघालात, हे पहिल्या ओळीत लिहावे.